मोटर वाढवू की पाईप? कार्य, ऊर्जा आणि शक्तीवरचे वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत कोल्हापूर जिल्ह्यातली पत्रं जास्त आहेत. विषय वेगवेगळे दिसतात, पण बहुतेकांच्या मुळाशी गोंधळ एकच: काम किती झालं, ते किती वेळात झालं आणि त्यासाठी घातलेली ऊर्जा शेवटी गेली कुठं, हे तीन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. मापं एकदाच सांगून ठेवतो. १ किलो वजन १ मीटर वर उचललं की ९.८ ज्यूल कार्य होतं. सेकंदाला १ ज्यूल म्हणजे १ वॅट, आणि १ एचपी म्हणजे ७४६ वॅट. वीजबिलातलं १ युनिट म्हणजे १ किलोवॅटचं यंत्र तासभर चालणं, म्हणजेच ३६ लाख ज्यूल.

प्रश्न: भोगावतीच्या काठावर माझी ५ एचपीची मोटर आहे. नदीच्या पाण्यापासून शेताच्या डोक्यापर्यंत उभी चढण २२ मीटर. पाईपलाईन ६३ मिलिमीटरची, ४०० मीटर लांब. पाणी फार बारीक पडतं. दुकानदार म्हणतात साडेसातची मोटर टाका. टाकू का?
— शेतकरी, करवीर तालुका

एवढ्यात नको. तुमचा त्रास मोटरीचा कमी आणि पाईपचा जास्त दिसतो. हिशेब असा.

मोटरीच्या पट्टीवर ५ एचपी किंवा ३.७ किलोवॅट लिहिलेलं असतं, ती शाफ्टवर, म्हणजे मोटरीच्या फिरत्या दांड्यावर, मिळणारी शक्ती. तेवढी देण्यासाठी मोटर लाईनीतून साधारण ४.६ किलोवॅट ओढते. शाफ्टवरची शक्तीही सगळी पाण्याला मिळत नाही. बऱ्यापैकी स्थितीतला पंप ५५ टक्के देतो असं धरू, म्हणजे पाण्याच्या वाट्याला सुमारे २ किलोवॅट. आता सूत्र सोपं आहे: सेकंदाला पडणारे लिटर, गुणिले एकूण हेड मीटरमध्ये (हेड म्हणजे चढण आणि पाईपमधलं घर्षण मिळून पाणी जेवढं उंच चढवल्यासारखं होतं, ती उंची), गुणिले ९.८, की झाले वॅट.

हेड फक्त २२ मीटर असतं तर सेकंदाला ९ लिटरच्या वर पाणी पडलं असतं. पण ६३ च्या पाईपचा आतला व्यास जेमतेम ५७ मिलिमीटर असतो, आणि एवढ्या बोळकांडीतून ४०० मीटर पाणी ढकलायचं म्हणजे घर्षण आलं. गणित जुळवत नेलं की सेकंदाला सुमारे ४.७ लिटरवर तोल बसतो. त्या प्रवाहाला घर्षणाचं हेड जवळपास २२ मीटर होतं. चढण २२, घर्षण २२. पंपानं पाण्याला दिलेल्या ऊर्जेतली निम्मी पाईपच्या भिंतीला घासून उष्णता होऊन जाते, आणि ती उष्णता इतकी विखुरलेली असते की पाण्याला हात लावून कळणारही नाही.

आता दोन्ही पर्याय बघा. पाईप तीच ठेवून ७.५ एचपी टाकली, तर पाणी ४.७ वरून ५.८ लिटरपर्यंत जाईल. शक्ती दीडपट, पाणी जेमतेम पावपट जास्त. कारण प्रवाह वाढला की घर्षणाचं हेड प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढतं. वाढवलेल्या शक्तीचा मोठा घास घर्षणच घेतं. उलट मोटर तीच ठेवून पाईप ९० मिलिमीटरची घातली, तर सेकंदाला ७ लिटरच्या आसपास पाणी मिळेल. व्यासाचा परिणाम पाचव्या घातानं होतो. आतला व्यास ५७ वरून ८३ केला की तेवढ्याच पाण्याला घर्षण साडेसहा पटीनं कमी होतं.

१,००० लिटर पाण्यामागे युनिट काढले तर चित्र आणखी स्वच्छ दिसतं. आज तुम्हाला साधारण ०.२७ युनिट लागतात. मोठ्या मोटरीनं ०.३३ लागतील, मोठ्या पाईपनं ०.१८. आणि १,००० लिटर पाणी २२ मीटर वर चढवायला कागदावर लागतात फक्त ०.०६.

एक सावधगिरी. वरच्या हिशेबात पंपाची कार्यक्षमता सगळीकडे ५५ टक्केच धरली आहे. प्रत्यक्षात प्रत्येक पंप एका ठरावीक हेडलाच चांगला चालतो. पाईप बदलून एकूण हेड ४४ वरून २९ मीटरवर आलं, की जास्त हेडसाठी बनवलेला पंप जास्त पाणी फेकायला लागतो आणि मोटरीवर लोड वाढतो. सेंट्रिफ्युगल पंपाची ही खोड बऱ्याच जणांना उलटी वाटते: डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह आवळला की अँपिअर उतरतात, आणि पाईप मध्येच फुटून पाणी मोकळं सुटलं की अँपिअर चढतात, कधी स्टार्टर ट्रिप होतो. म्हणून पाईप बदलल्यावर पहिल्याच दिवशी तिन्ही फेजचे अँपिअर मोजून घ्या. पट्टीवरच्या आकड्यापेक्षा जास्त दिसले तर व्हॉल्व्ह थोडा आवळून ठेवा आणि पंपवाल्याकडून त्या हेडचा इंपेलर, म्हणजे पंपातलं पाणी फेकणारं चाक, बघून घ्या.

खर्चाला हात घालण्याआधी मात्र तपासणी करा. २०० लिटरचं बॅरल शेताच्या डोक्यावर ठेवा आणि भरायला किती सेकंद लागतात ते बघा. ४२-४३ सेकंद लागले, तर वरचा हिशेब तुमच्याकडे लागू आहे आणि दोष पाईपचाच. ६०-७० सेकंद लागले, तर पाईपशिवाय आणखी काहीतरी बिघडलंय. अशा वेळी या क्रमानं बघा. फूटव्हॉल्व्हच्या (सक्शन पाईपच्या पाण्यात बुडालेल्या टोकावरच्या झडपेच्या) जाळीत पाला-शेवाळ अडकलंय का. सक्शन पाईपच्या जोडातून हवा शिरते का. तसं असेल तर पाणी फुटत फुटत, फुसफुसत पडतं. लाईनीचं काम किंवा ट्रान्स्फॉर्मर बदलल्यानंतर पाणी कमी झालं असेल, तर मोटर उलटी फिरत असण्याची शक्यता मोठी. उलट्या फिरणाऱ्या सेंट्रिफ्युगल पंपातून पाणी येतं, पण कमी येतं, म्हणून महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही. पंपाच्या अंगावरचा बाण आणि फिरण्याची दिशा जुळवून बघा. उलटी असेल तर वायरमनकडून पुरवठा बंद करून कुठल्याही दोन फेज अदलाबदल करून घ्या.

आणि एप्रिल-मेमध्ये बंधाऱ्यातलं पाणी उतरल्यावरच त्रास होत असेल, तर सक्शनची उंची मोजा. पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो, पण वर ढकलते ती बाहेरची हवा. कोल्हापूरच्या उंचीवर हवेचा दाब फार तर पावणेदहा मीटरचा पाण्याचा खांब पेलतो, आणि पाईपमधली घट धरून व्यवहारात ६ मीटरच्या पुढे जाऊ नये. तिथं १० एचपी लावली तरी हवा काही जास्त जोरानं ढकलणार नाही. पंप खाली सरकवणं हाच उपाय.

प्रश्न: सर, मी नववीत आहे. पुस्तकात दिलंय की डोक्यावर ओझं घेऊन सपाट रस्त्यावर चालणारा हमाल कार्य करत नाही. मार्केट यार्डात गुळाचे रवे (ढेपा) वाहणाऱ्या मामांना बघितलं तर हे पटत नाही. शून्य कसं?
— विद्यार्थिनी, कोल्हापूर

तुझी शंका रास्त आहे. पुस्तकातलं वाक्यही बरोबर आहे, फक्त अर्धवट आहे. ते फक्त रव्यावर झालेल्या कार्याबद्दल बोलतं, मामांच्या शरीराबद्दल नाही.

३० किलोचा रवा जमिनीवरून दीड मीटर वर डोक्यावर घेतला: ३० × ९.८ × १.५, म्हणजे ४४१ ज्यूल कार्य. ही ऊर्जा रव्यात स्थितिज ऊर्जा म्हणून जमा झाली. चालायला सुरुवात करताना रव्याला थोडी गती द्यावी लागली; सेकंदाला १ मीटर चालले तर ½ × ३० × १², म्हणजे १५ ज्यूल. थांबताना ती परत काढून घेतली. मधल्या २० मीटरमध्ये डोकं रव्यावर वरच्या दिशेनं बल लावतंय आणि रवा आडवा सरकतोय. बल आणि विस्थापन यांच्यात ९० अंशांचा कोन, म्हणून त्या बलाचं कार्य शून्य. परीक्षेत एवढं लिहिलंस की पूर्ण गुण.

मग घाम का येतो? स्नायू ताणून धरलेला असतो तेव्हा त्याच्या आतले तंतू सारखे एकमेकांना पकडतात, ओढतात, सोडतात, पुन्हा पकडतात. प्रत्येक पकडीला अन्नातून मिळालेली ऊर्जा खर्च होते. बाहेरून हालचाल दिसत नाही, पण आतली ऊर्जा उष्णता होऊन जात राहते. तोच रवा टेबलावर ठेवला तर टेबल वर्षभर तेवढंच बल लावत उभं राहील आणि त्याला काहीच खावं लागणार नाही. शिवाय चालताना अंग प्रत्येक पावलाला थोडं वर-खाली होतं, त्याचा खर्च वेगळा.

वर्गात हमखास निघणारी आणखी एक शंका इथंच मिटवून टाकू: उचलताना बल वजनापेक्षा जास्त लावावं लागतं, मग कार्य वजन गुणिले उंची एवढंच कसं? सुरुवातीला थोडं जास्त लागतं हे खरंच. पण वर पोहोचताना रवा थांबवायचा असतो, तेव्हा वजनापेक्षा थोडं कमी लावलं जातं. वाढ आणि घट एकमेकींना खातात.

प्रश्न: तालमीत वस्ताद सांगतात, बैठका सावकाश मारा. भरभर मारल्या तर ताकद जास्त लागत नाही का? आणि ५०० बैठकांना खुराक किती लागतो?
— शाहूपुरी

८० किलोच्या पैलवानाचा गुरुत्वमध्य एका बैठकीत साधारण ४५ सेंटीमीटर वर येतो असं धरलं, तर वर उठण्याचं कार्य ३५० ज्यूल. ५०० बैठकांचं पावणेदोन लाख ज्यूल, म्हणजे ४२ किलोकॅलरी. शरीर अन्नातल्या ऊर्जेचं २० ते २५ टक्केच कार्यात बदलतं, त्यामुळे प्रत्यक्ष खर्च १७० ते २१० किलोकॅलरी. खाली बसताना शरीर सावरून धरायला लागतं, त्याची भर वेगळी. ३५-४० ग्रॅम बदामांत एवढी ऊर्जा असते. थंडाईचा मोठा लोटा रिचवून ५०० बैठकांवर समाधान मानणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

भरभर की सावकाश? उंची तीच, वजन तेच, म्हणून कार्य तेच. २० मिनिटांत ५०० मारल्या तर सरासरी शक्ती सुमारे १४७ वॅट. १० मिनिटांत मारल्या तर दुप्पट. भरभर मारताना शक्ती जास्त लागते हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण सावकाश बैठकीत मांड्या जास्त वेळ ताणलेल्या राहतात, आणि वरच्या उत्तरात सांगितलेला, कार्य न करता होणारा खर्च तिथं वाढतो. वस्तादांना बहुधा तोच हवा असतो.

प्रश्न: ३ किलोवॅटचा इन्स्टंट गीझर घेतला तर बिल जास्त येईल का? आमच्याकडे सध्या १ किलोवॅटचा रॉड आहे.
— गृहिणी, राजारामपुरी

आंघोळीचं १५ लिटर पाणी २२ वरून ४५ अंशांवर न्यायला ०.४ युनिट लागतं. ३ किलोवॅटला ८ मिनिटं, रॉडला २४ मिनिटं, युनिट तेवढेच. उलट रॉडच्या बादलीचं तोंड उघडं असतं, त्यामुळे तिची थोडी उष्णता हवेत जाते. बिल वाढलं तर ते जास्त पाणी वापरल्यामुळे वाढेल. ३ किलोवॅट म्हणजे १३ अँपिअर. त्याला १६ अँपिअरचा पॉईंट आणि त्या जाडीची वायर हवी. रॉडचा ६ अँपिअरचा सॉकेट वापरलात तर तो वितळेल.

प्रश्न: ऊसवाहतुकीचा ट्रॅक्टर चालवतो. दोन ट्रॉल्या भरून उतारावर ब्रेक दाबला तरी गाडी थांबत नाही, मागून ढकलल्यासारखं होतं. ब्रेक नवीन आहेत. उतारावर न्यूट्रल केलं तर डिझेल वाचतं असं सगळे म्हणतात. खरं काय?
— चालक, कागल तालुका

ब्रेक कितीही नवे असले तरी थांबवणारं बल शेवटी टायर आणि रस्ता यांच्यातच तयार होतं. तुमच्या गाडीत ब्रेक आहेत फक्त ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांना. ट्रॉल्यांना ब्रेक नसतील, तर सगळं ओझं तीच दोन चाकं थांबवणार.

ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या आणि ऊस मिळून २४ टन धरू, आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर ३ टन. कोरड्या डांबरावर टायर जास्तीत जास्त आपल्यावरच्या भाराच्या ०.६ पट बल देऊ शकतो. म्हणजे १.८ टनांएवढं बल, तेही २४ टन थांबवायला. सपाट रस्त्यावर ताशी २० किलोमीटर वेगात ब्रेक दाबला तर गाडी सुमारे २१ मीटरवर थांबेल. वेग ३० असेल तर ४७ मीटर लागतील. वेग दीडपट, अंतर सव्वादोन पट, कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते आणि ती काढून घेणारं बल मात्र तेवढंच राहतं. पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा सेकंदभर यात धरलेला नाही; ३० च्या वेगात त्या एका सेकंदात आणखी ८ मीटर जातात.

आता उतार घ्या. २० मीटरला १ मीटर, म्हणजे बघायला फार मोठा नाही. पण त्या उतारावर गुरुत्वाकर्षण २४ टनांच्या विसाव्या हिश्शानं, १.२ टनांनी, गाडी पुढं ओढतं. ब्रेकच्या १.८ टनांतले १.२ तिथंच खर्च झाले, उरले ०.६. त्यामुळे ३० च्या वेगातलं थांबण्याचं अंतर ४७ वरून १४० मीटरवर जातं. रस्ता ओला किंवा चिखलाचा असेल, तर टायरची पकड ०.६ वरून ०.३५ पर्यंत येते, म्हणजे ब्रेकचं बल १.०५ टन. ओढ १.२ टन. टायरांच्या घरंगळण्याचा थोडा विरोध मदतीला असतो, पण त्याच्या भरवशावर २४ टन सोडायचे नसतात. अशा उतारावर गाडी ब्रेकनं थांबत नाही; उतार सुरू होण्याआधीच वेग कमी असावा लागतो.

न्यूट्रलचं म्हणणं पूर्ण चुकीचं आहे. एक किलोमीटरच्या अशा उतारावर गाडी ५० मीटर खाली येते, म्हणजे १ कोटी १७ लाख ज्यूल, सव्वातीन युनिट ऊर्जा कुठंतरी जायलाच हवी. गिअरमध्ये असाल तर तिचा मोठा वाटा इंजिन खातं: चाकं इंजिनाला फिरवतात, आणि हवा दाबणं, पिस्टनचं घर्षण यांत ती खपते. न्यूट्रल केलं किंवा क्लच दाबून धरला की सगळी ऊर्जा ब्रेकमध्ये जाते. ताशी १५ किलोमीटर वेगातही उतार सेकंदाला ४९ हजार ज्यूल पुरवत असतो. घरंगळण्याचा विरोध वजा केला तरी तीसेक किलोवॅट उरतात. जणू तीस इस्त्र्या दोन ब्रेकवर ठेवल्या. ब्रेकचं लायनिंग तापलं की त्याची पकड कमी होते, आणि ती नेमकी उताराच्या शेवटी, वळणावर कमी होते. डिझेलचं म्हणाल तर गिअरमध्ये असताना रेसवरून पाय काढला की गव्हर्नर (इंजिनाला डिझेल किती द्यायचं ते ठरवणारा भाग) डिझेल जवळपास बंदच करतो. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते लागतंच.

करायचं ते एवढं. जो गिअर तो चढ चढायला लागला असता, त्याच गिअरमध्ये उतरा, आणि तो वरच, उतार लागण्याआधी टाका. भरल्या गाडीनं उतारावर गिअर बदलायला गेलात आणि तो पडला नाही तर गाडी न्यूट्रलमध्येच राहते. डाव्या-उजव्या ब्रेकचे पेडल रस्त्यावर निघण्यापूर्वी खिटीनं एकत्र जोडा. शेतात वळायला ते सुटे ठेवतात आणि तसेच विसरतात. एकच चाक अडलं की मागच्या ट्रॉल्या ट्रॅक्टरला आडवं ढकलतात. वळणात ब्रेक दाबायचा नाही, वळणाआधी दाबून सोडायचा. उताराच्या रस्त्यावर एकच ट्रॉली नेली तर वजन १३ टनांवर येतं आणि सपाटीवरचं अंतर ४७ वरून २६ मीटर होतं. खेप वाढते, हे खरं.

प्रश्न: राधानगरीचा स्वयंचलित दरवाजा उघडला की १,४२८ क्युसेक पाणी सुटतं, असं दर पावसाळ्यात वाचतो. यात वीज किती वाया जाते?
— वाचक, राधानगरी

क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट; १,४२८ क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे ४० हजार ४०० लिटर. दर १० मीटर उंचीमागे त्यातून ४ मेगावॅट शक्ती सुटते. प्रत्यक्षात जेवढी उंची, तेवढ्या पटीनं. ‘वाया’ हा शब्द मात्र जपून वापरायला हवा. दरवाजे उघडतात ते धरण भरल्यावर, आणि वर्षातले थोडेच दिवस. त्या थोड्या दिवसांसाठी मोठी टर्बाईन बसवली तर ती उरलेलं वर्ष रिकामी बसेल. पाण्याची ही ऊर्जा खाली आपटून, घुसळून शेवटी उष्णता होते. १० मीटर पडण्यानं पाणी किती तापतं? अंशाच्या चाळिसाव्या भागाएवढं. नदीपात्र खरवडायला मात्र तीच ऊर्जा पुरेशी असते, म्हणून सांडव्याखाली ती जागच्या जागी जिरवायची व्यवस्था करावी लागते.

प्रश्न: इलेक्ट्रिक स्कूटरवर दोघं कोल्हापूरहून पन्हाळ्याला जाऊन येऊ शकू का? बॅटरी ३ युनिटची आहे.
— महाविद्यालयीन विद्यार्थी, कोल्हापूर

आरामात. गाडी आणि तुम्ही दोघं मिळून २५० किलो, चढ सुमारे ४०० मीटर. उंचीचा हिशेब ०.२७ युनिट, मोटर-कंट्रोलरची घट धरून ०.३४. वीस किलोमीटर अंतराचे, सपाटीला लागले असते तेवढे, ०.५ ते ०.६. म्हणजे वर पोहोचेपर्यंत एक युनिटही नाही, आणि परतीला त्याहून बरंच कमी.

अडचण ऊर्जेची नाही, शक्तीची आहे. १२ ला १ अशा चढावर ताशी ३० नं सव्वादोन किलोवॅट पुरतात, ५० नं गेलात तर चारच्या वर लागतात. कमी शक्तीच्या मोटरी तिथं तापतात आणि कंट्रोलर आपणहून वेग उतरवतो. ती गाडी बिघडल्याची खूण नाही, सावकाश चालवा. उतरताना दुसरी गोष्ट सांभाळा: गडावर पूर्ण चार्ज करून लगेच खाली निघालात, तर उतारावर मोटर जनित्रासारखी फिरून जी वीज परत पाठवते, ती घ्यायला भरलेल्या बॅटरीत जागा नसते, मोटरीचा रोध मिळत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. वर चार्ज करायचंच असेल तर ८५-९० टक्क्यांवर थांबा.

प्रश्न: आमची १ टनाची इंडक्शन भट्टी. बिडाला (ओतीव लोखंडाला) टनामागे ६४० युनिट लागतात. शेजारच्या कारखान्यात तशीच भट्टी ५७० मध्ये भागवते. मीटरचा दोष असेल का?
— सुपरवायझर, शिरोली एमआयडीसी

मीटरकडे शेवटी वळा. एक टन बीड १,४५० अंशांपर्यंत न्यायला निव्वळ उष्णता ३५० ते ३८० युनिट लागते. बाकीचं कॉईलच्या (भट्टीभोवतीच्या तांब्याच्या वेटोळ्याच्या) थंड पाण्यातून, भट्टीच्या आतल्या अस्तरातून आणि उघड्या तोंडातून जातं. कॉईलमधली घट घेतलेल्या शक्तीच्या प्रमाणात असते, तिचं तुम्ही फारसं काही करू शकत नाही. अस्तर आणि तोंड यांची घट मात्र मिनिटाच्या हिशेबानं चालते. तुम्हाला शोधायची आहेत ती ही मिनिटं.

उदाहरण म्हणून धातूला ३६० युनिट, विद्युत घट २० टक्के आणि उष्णतेची घट सतत ६० किलोवॅट धरा. ६०० किलोवॅटवर भट्टी चालवली तर ५१ मिनिटांत टन वितळतो आणि ५१४ युनिट लागतात. ४०० वर चालवली तर ८३ मिनिटं आणि ५५४ युनिट. शक्ती कमी ठेवून वीज वाचत नाही. टनामागे ४० युनिट जादा गेले. डिमांड चार्जच्या (जास्तीत जास्त किती शक्ती ओढली त्यावरच्या आकाराच्या) भीतीनं सबंध हीट, म्हणजे वितळवण्याची एक अख्खी खेप, कमी किलोवॅटवर नेणाऱ्यांनी दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघावेत.

दुसरं, झाकण. १,४५० अंशांचा धातू उघड्या ६० सेंटीमीटर तोंडातून, उत्सर्जकता (पृष्ठभागाची उष्णता बाहेर फेकण्याची क्षमता) निम्मी धरली तरी, सुमारे ७० किलोवॅट बाहेर फेकतो. लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत दहा मिनिटं झाकण उघडं राहिलं, तर १२ युनिट छताकडे गेले. तिसरं, सुपरहीट: गरजेपेक्षा ५० अंश जास्त तापवलं की टनामागे निव्वळ १२ युनिट आणखी. लॅडल (वितळलेला धातू ओतायला न्यायचं भांडं) ओली किंवा थंड असली की पोरं भट्टीच जास्त तापवून ठेवतात. लॅडल बर्नरनं लाल करून घेणं त्यापेक्षा स्वस्त पडतं.

चौथं, रनर-रायझरला, म्हणजे साच्यात धातू नेणाऱ्या-पुरवणाऱ्या वाटांत गोठलेल्या आणि पुन्हा वितळवायला घातलेल्या तुकड्यांना, चिकटलेली वाळू. तीही धातूबरोबर तापते, किलोमागे जवळपास अर्धं युनिट खाते, आणि स्लॅग (मळी) होऊन वर येते. मग स्लॅग काढायला झाकण उघडतं, म्हणजे घट दोनदा. ब्लास्ट करून, म्हणजे वाळू झाडून, घातलेल्या परतीच्या मालाचा आणि तसाच घातलेल्या मालाचा एकेक दिवस वेगळा मोजून बघा.

प्रत्येक हीटला पाच वेळा लिहा: शक्ती चालू, धातू सपाट (सगळा माल वितळला), नमुना काढला, रिपोर्ट आला, पहिली लॅडल भरली. आठवडाभराच्या नोंदीत नमुना ते लॅडल हे अंतर पंधरा मिनिटांच्या वर दिसलं, तर ६४० आणि ५७० यांच्यातल्या ७० युनिटांच्या फरकातले बरेचसे युनिट तिथंच सापडतील. दिवसाची पहिली हीट या हिशेबातून वेगळी काढा. थंड अस्तर तापवायला ती नेहमीच जास्त घेते, आणि शेजारचे दिवसाला आठ हीट घेत असतील आणि तुम्ही तीन, तर सरासरीतला फरक त्यातूनही येतो.